वाड्यात सापडलेला बंदोबस्ताचा ग्रंथ : माळ्यावरून उतरवण्यापासून नक्कल काढेपर्यंत

काटोल, उमरेड, आर्वी, चिमूर या भागातल्या मालगुजारी वाड्यांमधून (मालगुजार म्हणजे सबंध गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी असलेला) आणि वऱ्हाडातल्या देशमुखी घरांमधून अजूनही अधूनमधून एखादा जाड, कातडी पुठ्ठ्याचा इंग्रजी ग्रंथ निघतो. बहुतेकदा तो जिल्ह्याच्या जमीन महसूल बंदोबस्ताचा, म्हणजे जमीन मोजून, हक्क नोंदवून सारा ठरवण्याच्या इंग्रजी अमलातल्या कामाचा, अहवाल असतो. कधी त्यात जागीर, मुआफी (सारा माफ असलेली जमीन), इनाम यांच्या दाव्यांच्या याद्या असतात, कधी नागपूर शहर आणि भोवतालच्या मौजांच्या जमिनींचा हिशेब असतो. हे ग्रंथ सरकारी कामापुरते छापले जात, म्हणून प्रती मुळातच थोड्या.

आमच्या वाचनालयात लोक असे ग्रंथ घेऊन येतात. येतात तेव्हा बहुतेकदा निम्मं नुकसान झालेलं असतं. ग्रंथ उन्हात वाळवलेला, फाटक्या पानांना चिकटपट्टी लावलेली, नकाशा सुटा करून लॅमिनेट केलेला. तोवर घरातला कोणीतरी तो ग्रंथ बगलेत मारून तहसिलीत जाऊन आलेला असतो. "आमच्या पणजोबांची जमीन यात लिहिली आहे, सातबारा दुरुस्त करा," असं सांगून रिकाम्या हाती परतलेला असतो. मग चिडून ग्रंथ विकायला काढतात.

चूक क्रमाची आहे. छापील ग्रंथ हा मालकीचा कागद नव्हे. मूळ नोंद कोणत्या सालाच्या, कोणत्या दप्तरात, कोणत्या नावाखाली शोधायची, ते त्याच्यावरून कळतं. म्हणून आधी ग्रंथ वाचवायचा, मग पुरा आहे का ते बघायचं, मग फोटो, मग वाचन. सरकारी दाराशी सगळ्यात शेवटी जायचं.

टप्पा १ : हात लावण्याआधीची तयारी

घरात साध्या वस्तू लागतात. धुतलेलं, खळ नसलेलं मांजरपाट. रंगकामाचा मऊ, रुंद, कोरा ब्रश. टीपकागदाचे ताव. शिसपेन्सिल. तोंडाला एन-९५ मास्क. दोन छोट्या उशा किंवा घडी केलेले टॉवेल. एक वही.

हातमोजे घालू नका. स्वच्छ धुतलेले, पूर्ण कोरडे हात बरे. मोज्यातून पानाची कड कळत नाही आणि पान फाटतं. तेल, मेंदी, हळद लागलेला हात नको. टेबलावर चहा नको, बॉलपेन तर खोलीतही नको.

कूलर बंद करा. हे मी मुद्दाम सांगतो. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी खोलीत बसायचं म्हटलं की कूलर लागतोच, आणि लोक ग्रंथ नेमका त्याच्या झोतात उघडतात. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या हवेत वर्षानुवर्षं राहिलेला कागद ठिसूळ झालेला असतो. त्याला एकदम ओला वारा लागला की पानं लाटांसारखी वर-खाली होतात, आणि ती पुन्हा सपाट होत नाहीत. काम सकाळी करा, साधा पंखा कमी वेगावर, तोही भिंतीकडे वळवून.

टप्पा २ : माळ्यावरून खाली आणणं

ग्रंथ पाठीच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढू नका. जुन्या कातड्याची तिथली टोपी हमखास तुटते. शेजारच्या वस्तू सरकवा, ग्रंथ दोन्ही बाजूंनी धरा, खाली आडवा ठेवा. हाताला लालसर भुकटी लागली तर कातडं कुजतंय असं समजा. अशा कातड्याला तेल, व्हॅसलीन, बूटपॉलिश काहीही लावायचं नाही. मांजरपाटात गुंडाळा, एवढंच.

आसपासची जागा बघा. ग्रंथ जिथे होता तिथे सुटे कागद, नकाशाचे तुकडे, फुटलेली पाठ, जुनं बासन पडलेलं असतं. ते सगळं एका पाकिटात वेगळं ठेवा आणि पाकिटावर पेन्सिलीने लिहा : कुठल्या खोलीत, कुठल्या पेटीत, कोणत्या तारखेला सापडलं. पुढे "हा कागद कोणाच्या ताब्यातून आला" असा प्रश्न आला, आणि तो येतोच, तर ही चिठ्ठी उपयोगी पडते. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून पुढे आला असेल तर न्यायालय तो खरा धरू शकतं. पण योग्य ताबा दाखवायचा तर सापडल्याची नोंद हवी.

टप्पा ३ : ओल, बुरशी, कीड

आधी ओळखा, मग उपाय.

पानांना मातीचा वास आणि हिरवट-काळे ठिपके असतील तर बुरशी. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसू नका, बुरशी कागदात उतरते. सावलीत, मोकळ्या हवेत ग्रंथ उभा ठेवून पानं पंख्यासारखी थोडी उघडी करा. एकेक टीपकागद दर वीस-तीस पानांनी घाला आणि चार-चार तासांनी बदला. पूर्ण कोरडं झाल्यावरच ब्रशने भुकटी झटका, घराबाहेर, वाऱ्याच्या दिशेने.

पानांना सुईने टोचल्यासारखी भोकं आणि बारीक पिठी असेल तर कीड. पिठी झटकून दोन दिवसांनी पुन्हा बघा. नवी पिठी पडली असेल तर कीड जिवंत आहे. ग्रंथ मांजरपाटात गुंडाळा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि घरच्या फ्रिजरमध्ये दोन-तीन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. घाईत उघडली की बाहेरच्या दमट हवेचं पाणी कागदावर जमतं.

कडेला चाटल्यासारखे, अर्धे कुरतडलेले भाग असतील तर ती कसर. खालून मातीच्या नळ्या चढलेल्या दिसल्या तर वाळवी, आणि मग ग्रंथाआधी भिंत आणि फडताळ बघा.

सावधान : उन्हात कधीही वाळवू नका. वैशाखातल्या उन्हात दोन तास ठेवलेला नकाशा मी पाहिला आहे. प्रत्येक घडीवर तो तुटला आणि बारा तुकडे झाले. कीटकनाशकाचा फवारा नको. डांबराच्या गोळ्या पानांत नकोत. कडुनिंबाचा पाला ठेवायचा असेल तर तो कडकडीत वाळलेला, वेगळ्या कापडी पुरचुंडीत, कागदाला न लागता.

फाटलेलं पान? काहीही चिकटवू नका. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांनी तपकिरी होतो आणि अक्षरांसकट कागद घेऊन निघतो. फाटका तुकडा त्याच पानात टीपकागदाच्या घडीत ठेवा. जोडायचं काम कागदाच्या जतनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाचं.

टप्पा ४ : ग्रंथ पुरा आहे का?

ही तपासणी जवळजवळ कोणी करत नाही, आणि पुढची सगळी गडबड इथून सुरू होते. नेमकं परिशिष्ट गळालेलं असतं आणि आपण "यात आमचं गाव नाही" म्हणून बंद करतो.

ग्रंथ दोन उशांमध्ये ठेवा, जेणेकरून तो पूर्ण सपाट न होता इंग्रजी व्ही अक्षरासारखा उघडेल. पाठ मोडेपर्यंत दाबू नका. मग वहीत लिहीत जा :

पहिलं पान : शीर्षक, जिल्हा, लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव, छापखाना, साल. सालं दोन असू शकतात. बंदोबस्ताचं काम झालं ते एक आणि छापलं ते दुसरं. दोन्ही टिपा.

पानांचे क्रमांक : सुरुवातीची पानं बहुधा रोमन आकड्यांत असतात, मग साधे आकडे नव्याने सुरू होतात. परिशिष्टांचे क्रमांक पुन्हा वेगळे. प्रत्येक मालिका वेगळी मोजा.

पानाच्या तळाशी अधूनमधून एकटं इंग्रजी अक्षर दिसतं. ती छपाईच्या फर्म्यांची, म्हणजे एका तावावर छापून दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्यांची खूण. ही अक्षरं क्रमाने येतात, पण जे, व्ही आणि डब्ल्यू ही तीन जुन्या छपाईच्या रिवाजाप्रमाणे घेतलेली नसतात. आयनंतर थेट के आलं तर पान गळालं असं समजू नका. आयनंतर एल आलं, तर मात्र गळालं आहे.

नकाशे : अनुक्रमणिकेत किती, प्रत्यक्षात किती. नकाशा घडीचा असेल तर ग्रंथ आडवा ठेवून, घडी उलट दिशेने न ताणता, एकेक पदर उघडा. परत घडी करताना जुन्याच रेषांवर.

तपासा : गळालेली पानं वहीत लिहिली का? मग पुढे जा. नसतील तर आज थांबा.

टप्पा ५ : शिक्के

पहिलं पान, शेवटचं पान आणि मधली काही पानं उजेडात धरून बघा. गोल शाईचा शिक्का, पाठीवर चिकटवलेला क्रमांक, आतल्या बाजूला नोंदणी क्रमांक असेल तर हा ग्रंथ एके काळी कचेरीचा किंवा ग्रंथालयाचा होता. आजोबांनी नोकरीत असताना घरी आणला असेल आणि परत करायचा राहिला असेल, असं होतं. अशा वेळी त्या संस्थेला लेखी कळवा. फोटो काढून घ्यायला कोणीही नाही म्हणत नाही, आणि ग्रंथ योग्य जागी गेला तर तुमच्या गावाबरोबर दुसऱ्या दहा गावांच्याही उपयोगी पडतो.

समासात हाताने लिहिलेलं असेल तर त्याला छापील मजकुराइतकाच मान द्या. मोडीत असेल तर मोडी वाचणारा गाठा, अंदाजाने वाचू नका. जुन्या शाईच्या अक्षरांवर पाणी, थुंकी लावलेलं बोट अजिबात नको. पान उलटताना बोट ओलं करायची सवय अनेकांना असते. घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच नम्रपणे सांगून ठेवा.

टप्पा ६ : फोटो

झेरॉक्स नको. काचेवर दाबला की पाठ मोडते.

ओसरीवर सकाळी नऊ-दहाला सावलीतला एकसारखा उजेड असतो, तो सगळ्यात चांगला. फ्लॅश बंद. फोन पानाच्या बरोबर वर, वाकडा नको. स्टँड नसेल तर स्टुलाच्या दोन पायऱ्यांत पाटी अडकवून तिच्या कडेला फोन ठेवता येतो. आधी सगळी उजवी पानं, मग ग्रंथ फिरवून सगळी डावी. पानाशेजारी मोजपट्टी ठेवा, नकाशाच्या वेळी तर नक्कीच. पहिला फोटो शीर्षकाचा, शेवटचा मागच्या पुठ्ठ्याचा.

मग मोजा. ग्रंथात तीनशे बारा पानं असतील तर तितके फोटो हवेत, वर पुठ्ठे आणि नकाशे वेगळे. एक-दोन कमी असतातच. ती पानं शोधून पुन्हा काढा. एक संच फोनमध्ये, एक पेन ड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. यानंतर रोजच्या वाचनासाठी मूळ ग्रंथ उघडायची गरज राहत नाही.

टप्पा ७ : आपलं गाव शोधणं

इथे लोक दोन चुका करतात.

पहिली : आजचा जिल्हा धरून शोधतात. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपुरातून वेगळा झाला. गडचिरोली १९८२पर्यंत चांदा जिल्ह्यात होता, आणि चांद्याचं नावही १९६४ साली चंद्रपूर झालं. गोंदिया १९९९पर्यंत भंडाऱ्यात. वऱ्हाडात १९०५च्या फेरबदलापर्यंत सहा जिल्हे होते; एलिचपूर अमरावतीत गेला, वाशीम वाटला गेला, वणी जिल्ह्याचा यवतमाळ झाला. तेव्हा तुमच्या गावाचं तेव्हाचं तहसील आणि जिल्हा आधी ठरवा. मूळ दप्तर अजून जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणीच असण्याची शक्यता मोठी.

दुसरी : आजच्या स्पेलिंगने शोधतात. साहेबांच्या कानाला शेवटचा ड हा र ऐकू यायचा. म्हणून उमरेड हे "उमरेर" असं छापलेलं आहे, नरखेड हे "नरखेर". वणी हे "वून". अमरावतीच्या नावाची तर तीन-चार रूपं सापडतात. नाव मोठ्याने वाचा, दोन-तीन तऱ्हांनी, घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर वाचा. डोळ्याला न कळलेलं गाव कानाला पटकन कळतं. आमच्याकडे एका आजींनी, ज्यांना इंग्रजी अक्षरओळखही नाही, नुसतं ऐकून सहा गावं सांगितली.

आणि सावरगाव, पिंपळगाव, सोनेगाव ही नावं जवळजवळ प्रत्येक तहसिलीत आहेत. नुसत्या नावावर जाऊ नका. बंदोबस्त क्रमांक, परगणा, शेजारची गावं, नदी-नाला जुळवा. बुद्रुक की खुर्द, तेही. गाव आज उजाड असेल तर "रिठी" म्हणून नोंद शोधा.

तपासा : गावाच्या चारही बाजूंची गावं जुन्या नकाशाशी जुळली का? तीन जुळली आणि चौथं नाही, तर अजून शोधा.

शहरातल्या जागेचा प्रश्न असेल तर रीत वेगळी. नागपुरातली जागा नझूल (शहरातली सरकारी मालकीची जमीन) असली तर खसऱ्याऐवजी (खसरा म्हणजे शेताचा क्रमांक) शीट नंबर आणि प्लॉट नंबर लागतो. पण शहर वाढलं ते आसपासच्या मौजांवरच, तेव्हा आज शहरात असलेली जागा १८९०च्या दशकात एखाद्या मौजाचं शेत असू शकते. अशा वेळी दोन्ही नोंदी काढाव्या लागतात : आधी मौजाची, मग नझूलची.

टप्पा ८ : आकडे वाचणं

मला सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावासा वाटतो, कारण इथल्या चुकीपायी भावाभावांत वैर झालेलं मी जवळून पाहिलं आहे.

क्षेत्र. नागपूर विभागाच्या जुन्या नोंदींत क्षेत्र एकर आणि दशांशांत असतं, वऱ्हाडात एकर आणि गुंठ्यांत. "३.२५" असं नागपूरकडच्या कागदात दिसलं तर ते सव्वातीन एकर, म्हणजे ३ एकर १० गुंठे. ते ३ एकर २५ गुंठे नव्हे. एक एकर म्हणजे ४० गुंठे. पंधरा गुंठ्यांचा फरक म्हणजे सोळा हजार चौरस फुटांहून जास्त जमीन. हा आकडा बांधावर उभं राहून वाचणाऱ्याला हमखास फसवतो, कारण आपल्या जिभेवर गुंठा बसलेला आहे. पडताळा सोपा : टिंबानंतरचा आकडा ४० किंवा त्याहून मोठा कुठे दिसतो का, ते त्याच पानावर बघा. "२.८७" दिसलं की ते गुंठे असूच शकत नाहीत. मग सगळं पान दशांशांत वाचा. हेक्टरमध्ये न्यायचं तर एकराला ०.४०४७ने गुणा.

हिस्सा. मालगुजारी गाव सोळा आण्यांचं धरत. "०-५-४" असं दिसलं तर ते पाच आणे चार पै रोख पैसे नव्हेत, तो गावातला हिस्सा आहे. सोळा आणे म्हणजे १९२ पै, पाच आणे चार पै म्हणजे ६४ पै, म्हणजे बरोबर एक-तृतीयांश गाव. रुपयांचा रकाना आणि हिश्शाचा रकाना एकाच लिपीत, एकाच तऱ्हेने लिहिलेला असतो. रकान्याचं डोकं वाचल्याशिवाय आकडा उचलू नका. एकाच गावाचे सगळे हिस्सेदार मिळून सोळा आणे भरतात का, ते जोडून बघा. भरत नसतील तर एखादं नाव सुटलं आहे, किंवा पान.

रक्कम. भोसल्यांच्या काळातली रक्कम नागपुरी रुपयांत असू शकते, आणि तो कंपनीच्या रुपयापेक्षा हलका होता. दोन काळांचा सारा शेजारी ठेवून "दुप्पट केला" म्हणण्याआधी रुपया कोणता ते तळटिपेत बघा.

साल. वऱ्हाडच्या जुन्या कागदांत फसली सन येतो. निजामी फसलीत साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतं, पण फसली वर्ष अर्धं एका सालात आणि अर्धं दुसऱ्यात जातं, म्हणून "१८५०-५१" असं जोडसाल लिहा. शके असेल तर ७८ मिळवा.

टप्पा ९ : शब्द ओळखणं

वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरत; तिथे सर्व्हे नंबर आणि खातेदार. नागपूर-वर्धा-भंडारा-चांद्यात मालगुजारी, तिथे खसरा. म्हणून वऱ्हाडच्या गावासाठी मालगुजार शोधणं आणि नागपूरच्या गावासाठी सर्व्हे नंबर शोधणं, दोन्ही वाया जातं.

मालगुजारी मुलखात चार शब्द वेगळे ठेवा. "सीर" म्हणजे मालगुजाराची घरची शेती, तिला खास हक्क. "खुदकाश्त" म्हणजे तो स्वतः कसत असलेली पण सीर नसलेली. "मलिक मकबुजा" म्हणजे आपल्या शेताचा मालक, पण गावच्या कारभारात हिस्सा नसलेला. "मौरूसी" म्हणजे कब्जेदारीचा हक्क असलेलं कूळ. मालगुजाराच्या गावात नाव होतं म्हणून सगळं गाव आपलं होतं, असा दावा घेऊन लोक येतात. मालगुजाराची जबाबदारी सबंध गावच्या साऱ्याची होती. जमीन कसणारे वेगळे होते आणि त्यांचे हक्कही लिहिलेले आहेत. ३१ मार्च १९५१ला मध्य प्रदेशाच्या कायद्याने मालगुजारी संपली. घरची शेती पूर्वीच्या मालकांकडे राहिली. पडीक, जंगल आणि बहुतेक तलाव राज्याकडे गेले. त्यानंतरची नोंद बघितल्याशिवाय १८९०ची नोंद आज काय सांगते ते कळत नाही.

"निस्तार" आणि "वाजिब-उल-अर्ज" हे दोन शब्द दिसले की थांबा. गावाने जंगलातून सरपण, बांबू, चराई, माती काय घ्यायचं, तलावाचं पाणी कोणत्या बांध्यांना (धानाच्या शेतांना) आधी, मासे कोणाचे, वाट कुठून, हे सगळं त्यात असतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत माजी मालगुजारी तलावांचे जे वाद चालतात, त्यांत हा कागद पणजोबांच्या नावापेक्षा जास्त कामाचा ठरतो. आजच्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निस्तार पत्रक कलम १६१मध्ये आणि वाजिब-उल-अर्ज कलम १६५मध्ये आहे. सामूहिक वनहक्काचा दावा असेल तर २००८च्या वनहक्क नियमांतल्या नियम १३मध्ये पुराव्यांच्या यादीत गॅझेटियर, जनगणना, आणि सर्व्हे व बंदोबस्ताचे अहवाल स्पष्ट नमूद आहेत. म्हणजे घरातला हा ग्रंथ एका कुटुंबाला मालक करणार नाही, पण सबंध गावाच्या ग्रामसभेला आधार देऊ शकतो. ग्रामसभेला त्याची पानं दाखवा.

टप्पा १० : मूळ नोंदीची नक्कल

छापील अहवालात बहुधा गटवार, परगणावार माहिती असते. शेतकऱ्यांची नावं नसतात. नावं असतात ती बंदोबस्त मिसलीत, म्हणजे त्या बंदोबस्ताच्या वेळी गावागणिक केलेल्या मूळ नोंदींच्या दप्तरात. मालगुजारी मुलखात पहिला नियमित बंदोबस्त १८६०च्या दशकात, फेरबंदोबस्त १८९०च्या दशकात, त्यानंतरचा १९१०च्या आसपास. ग्रंथावरून साल काढा, मग त्या सालाची मिसल मागा. सोबत १९५४-५५चा अधिकार अभिलेखही मागा. जुन्या आणि आजच्या नोंदीतला पूल तोच आहे.

शोधायच्या जागा या क्रमाने : तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष, जिल्हाधिकारी कार्यालयाचा अभिलेख कक्ष, भूमी अभिलेख कार्यालय, आणि नागपूरचं पुराभिलेखागार. जुने कागद स्कॅन होऊन ऑनलाइनही आले आहेत, ते आधी बघून जा, एक फेरी वाचते.

अर्ज मोघम केला की "अभिलेख आढळून येत नाही" असा शेरा मिळतो. अर्जात एवढं हवंच :

"मौजा ……, बंदोबस्त नंबर ……, प.ह.नं. ……, तहसील ……, जिल्हा …… (तत्कालीन जिल्हा ……) येथील सन …… च्या बंदोबस्त मिसलीतील खसरा क्रमांक …… ची, तसेच सदर मौजाच्या वाजिब-उल-अर्जची प्रमाणित नक्कल मिळावी."

प.ह.नं. म्हणजे पटवारी हलका नंबर. "तत्कालीन जिल्हा" हे दोन शब्द विसरू नका. ते नसल्यामुळे अर्ज चुकीच्या कपाटाकडे जातो. कोर्ट फी तिकीट लावा, पोच घ्या, पोचेवर तारीख बघा. लेखी उत्तर येत नसेल तर माहिती अधिकारात अभिलेखाची पाहणी मागा. पाहणीला जाताना छापील पानाचा फोटो न्या, मूळ ग्रंथ नको. कचेरीत ठेवून घेतलेला ग्रंथ परत मिळवायला एका कुटुंबाला दोन वर्षं हेलपाटे घालावे लागले, हे मला माहीत आहे.

नक्कल हातात आली की जुना खसरा क्रमांक आजच्या गट क्रमांकाशी जुळवा. आकडा सारखा दिसला तरी शेत तेच असेल असं नाही. फेरबंदोबस्तात आणि जमीन एकत्रीकरणात क्रमांक बदललेले आहेत. जुन्या-नव्या क्रमांकांचा मेळ दाखवणारा तक्ता भूमी अभिलेखाकडे मागा, आणि जुना नकाशा आजच्या नकाशावर ठेवून विहीर, नाला, पांदण अशा न हलणाऱ्या खुणा बघा. झाड खूण म्हणून धरू नका.

तपासा : मौजा, साल, खसरा, क्षेत्र, हक्काचा प्रकार हे पाचही नकलेत स्पष्ट वाचता येतात का? प्रत्येक पानावर शिक्का आणि सही आहे का? मगच वकिलाकडे.

टप्पा ११ : ग्रंथ ठेवणं

विकायचा असेल तर सबंध विका, नकाशे सुटे करून विकू नका. ग्रंथाबरोबर जुने हस्तलिखित दस्त असतील तर ध्यानात ठेवा : पंचाहत्तर वर्षांहून जुना, ऐतिहासिक मोलाचा असा कागद पुरावशेष कायद्याखाली येतो आणि तो खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. घरात सांभाळणं जमणार नसेल तर जवळच्या संशोधन संस्थेला किंवा जुन्या ग्रंथालयाला द्या, आणि देताना लेखी पावती घ्या.

ठेवायचा असेल तर मांजरपाटाच्या बासनात बांधा, आडवा ठेवा, भिंतीपासून चार बोटं आणि जमिनीपासून हातभर वर. लोखंडी पेटी असेल तर तळाशी लाकडी फळी. देवघरात, धुराच्या आणि तेलाच्या शेजारी नको. वर्षातून दोनदा, मृगाआधी आणि दिवाळीच्या सफाईत, बासन सोडून बघा : पिठी, वास, ओल. बासनात एक चिठ्ठी ठेवा आणि प्रत्येक वेळी तीवर पेन्सिलीने तारीख टाका.